निघा म्हटलं की निघायचं

माझ्या घराची वास्तुशांत होती. भटजी हवनाला बसले होते, घरभर धूर झाला होता, बायाबापड्या डोळे पुसत होत्या, आणि दौलत राठोड नावाचा माणूस दारात चपला काढून सरळ आत शिरला तो हातात काठी घेऊन. ना रामराम, ना पाणी. मान वर करून त्याने छताला काठी मारली, ठक. कान दिला. थोडा सरकला, पुन्हा ठक. असा तो एकेका खोलीतून फिरला. स्लॅब माझ्या साळ्याने टाकला होता. तो ठेकेदार आहे आणि जरा फुगीर आहे. तो तोंड लाल करून मागे मागे फिरत होता. भटजी मंत्र सोडून वर बघत बसले. स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात दौलतने काठी पुन्हा पुन्हा वाजवली आणि मला म्हणाला, "इथं कोनाले झोपू देऊ नोको. बाकी घर चांगलं हाय. राहा."

आता स्वयंपाकघरात कोण मरायला झोपतंय? त्या कोपऱ्यातून आजवर पापुद्रासुद्धा पडलेला नाही. पण माझ्या बायकोने नातवाचा पाळणा तिथे कधी बांधू दिला नाही, आणि बांध असं मीही कधी म्हटलं नाही. सरदाराने सांगितलं म्हणजे सांगितलं.

सरदार म्हणजे घोड्यावर बसणारा नव्हे. राजूरच्या बाजूला आमची जमिनीखालची कोळशाची खदान होती. आता ती बंद आहे. तिथे प्रत्येक पाळीला एक सरदार असायचा. कामगारांच्या आधी त्याने आत जायचं, काठीने छत ठोकून बघायचं, आणि चांगलं असलं तरच माणसं आत घ्यायची. चांगलं छत खणखणीत वाजतं. आतून सुटलेलं असलं की भद्द वाजतं. भद्द वाजलं की सरदाराने एकच शब्द म्हणायचा, 'निघा', आणि आम्ही हातातलं टाकून निघायचं. फावडं असेल तर फावडं टाका, जेवत असाल तर घास टाका. काहून आणि कायले हे विचारायचं नाही. एकदा निघालं की सरदार बोलवेपर्यंत आत पाऊल घालायचं नाही, आणि सरदाराने सगळ्यांच्या मागून निघायचं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असेल, मी काही वाचलेलं नाही. आम्ही ते दौलतकडून शिकलो.

मी टेकू लावायचो. म्हणजे दौलतने काठीने जागा दाखवायची आणि मी तिथे छताखाली लाकडाचा खांब उभा करून ठोकायचा. वयाने आम्ही बरोबरीचे. बाहेर चहाच्या टपरीवर आमचं अरे-तुरे चालायचं, एकमेकांच्या खिशातून तंबाखू काढायचो. पण खदानीच्या तोंडातून आत पाऊल पडलं की तो 'सरदार' आणि 'तुमी'. कोणी ठरवलं नव्हतं, आपोआप जीभ वळायची. पुढे पुढे बाहेरही सगळं गाव त्याला सरदारच म्हणायला लागलं.

तो मारेगावकडच्या एका तांड्यातला. त्याचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख हिंडले, आणि हा जमिनीत शिरला, म्हणून त्याची याडी, म्हणजे आई, त्याला मरेपर्यंत बोल लावत होती. आपल्या लोकांनी उघड्यावर राहायचं, उंदरासारखं बिळात काय राहतोस, असं ती म्हणायची. होळीला तो आम्हाला तांड्यावर न्यायचा. डफावर लेंगी, म्हणजे त्यांची होळीची गाणी, सुरू झाली की हा पोटऱ्यांत गोळे येईपर्यंत नाचायचा. त्या दिवशी तेवढी काठी घरी असायची. उघड्या आभाळाखाली त्याला काठी लागत नसे.

एरवी मात्र ती हातात. बांबूची, खाली लोखंडाचा टोप बसवलेली. लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात, बँकेत, कुठेही गेला की आधी वर बघणार. बसणार दाराजवळ. पंगतीत शेवटच्या रांगेत. एसटीतून सगळे उतरल्यावर उतरणार, कंडक्टरने बेल मारली तरी हा आत सीटखाली वाकून बघतोय. शांताबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणायची की नवऱ्याबरोबर सिनेमाला गेले ते एकदाच, थिएटर झाडणारी बाई आली तरी हा खुर्च्यांच्या रांगा बघत होता. "छत बोलते," असं तो नेहमी म्हणायचा, "आपन आयकाचं असते." बोलणं तेवढंच. बाकी माणूस मुखदुर्बळ.

पण हा 'निघा' तो फार लवकर म्हणायचा, हेही सांगितलं पाहिजे. नुसत्या शंकेवर पाळी रिकामी करायचा. एकदा चांगला कोळसा लागला होता आणि याने सगळ्यांना बाहेर काढलं. आम्ही बाहेर बसून बिड्या ओढल्या. दुसऱ्या दिवशी छत तसंच. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. मॅनेजरने सगळ्यांसमोर त्याला झापलं, तुझी काठी बहिरी झाली का म्हणून विचारलं. दौलत मान खाली घालून उभा राहिला. टपरीवर आल्यावर मला म्हणाला, "पडलं नाई, यात वाईट काय झालं?" लोक मात्र हसायला लागले. तो निघा म्हणाला की निघायचे, पण रमतगमत, बिडी पेटवत. जिभेवरचा शब्द तोच, त्याचा धाक तेवढा कमी झाला.

त्यात वसंता गेला.

वसंता आमच्या पाळीत कोळसा भरायचा. नामदेव त्याचा जोडीदार, दोघे मिळून रुळावरचे कोळशाचे डबे भरायचे. वसंता बडबड्या. त्याच्याकडे एक जुनं कॅलेंडर होतं, त्याच्यावर काश्मीरच्या सरोवराचं चित्र, पाण्यावर लाकडी नक्षीचं घर, मागे बर्फाचा डोंगर. साल केव्हाच संपलं होतं, पण त्याने ते दिवे ठेवायच्या खोलीत खिळ्याला लावून ठेवलं होतं. रोज आत उतरताना त्याला हात लावायचा. म्हणायचा, रिटायर झालो की मी, तू, नामदेव आणि सरदार, आपण चौघं इथं जायचं. हे घर पाण्यावर फिरतं, आपण गादीवर लोळत गाव बघायचं. जन्मभर वाकून चाललो, आता पडून चालू. आम्ही म्हणायचो, जाऊ बाबा, आधी डबा भर.

त्या दिवशी सरदार निघा म्हणाला आणि आम्ही निघालो. वळणावर आल्यावर वसंता नामदेवला म्हणाला, जेवणाचा डबा राह्यला, आलोच. आणि मागे फिरला. सरदार दुसऱ्या बाजूच्या माणसांना काढत होता. तो वळणावर आला, माणसं मोजली, आणि त्याने नामदेवकडे बघितलं. नामदेवने नुसता हात मागे केला. तेवढ्यात आवाज झाला. मी त्या आवाजाबद्दल जास्त लिहीत नाही.

वसंताला बाहेर काढलं ते दौलतनेच. कोणाला हात लावू दिला नाही. डबा साबूत निघाला, आत भाकरी आणि वांग्याची भाजी जशीच्या तशी होती. पुढे चौकशी झाली तेव्हा सगळे कच खात होते. हाक ऐकू आली नसेल, असं म्हटलं तर सगळं सरदारावर गेलं असतं. नामदेव उभा राहिला आणि म्हणाला, मी हाक ऐकली, वसंतानेही ऐकली होती. सरदार सुटला. पण सुटला असं कागदावर. त्यानंतर दौलतने खदानीत कधी जेवणाचा डबा नेला नाही. सकाळी चहा पिऊन यायचा आणि पाळी संपल्यावर घरी जाऊन जेवायचा, रिटायर होईपर्यंत. मी एकदा म्हटलं, अरे मेल्या, पोटाला मारून काय होणार? तो म्हणाला, "मी लय वेळा निघा म्हनलो रे. म्हून त्याले खोटं वाटलं." मला वाईट वाटलं आणि रागही आला.

या नामदेवबद्दल दोन शब्द सांगतो, कारण पुढे त्याचं काम आहे. नामदेव पौर्णिमेला विहारात जाणारा, पंचशील घेणारा आणि घेतलेलं पाळणारा माणूस. खोटं बोलत नाही म्हणजे बोलत नाही. घरी नको असलेला पाहुणा आला आणि सुनेने बाबा बाहेर गेले म्हणून सांगितलं, की हा आतून चष्मा पुसत येणार आणि म्हणणार, आहे मी. सून कपाळाला हात लावते. त्याच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे जिवाला घोर, पण दौलतला तो फार आवडायचा.

आम्ही एकेक करून रिटायर झालो. खदान बंद पडली, पंप काढून नेले, आणि खाली पाणी भरलं. जिथे आम्ही उभी हयात काढली तिथे आता तुडुंब अंधार आणि पाणी आहे. दौलत तांड्यावर राहायला गेला. मग हळूहळू त्याचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग वाटा. बाजारातून घरी यायच्या ऐवजी राजूरच्या एसटीत बसायचा आणि बंद खदानीच्या फाटकाशी जाऊन उभा राहायचा. चौकीदार फोन करायचा, मी आणि नामदेव जाऊन त्याला आणायचो. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे उतरणीचं दुखणं आहे, वर येणार नाही.

शांताबाईनेच ती गोष्ट काढली. कापूस वेचणीचे दिवस होते, ती शेतातून तशीच डोक्याला फडकं बांधून माझ्याकडे आली. म्हणाली, "भाऊजी, तुमी चौघं काश्मीरले जानार होते ना? आता घेऊन जा. अजून वळखते तुमाले. पुढं मी कोनासंग पाठवू?" मी म्हटलं, वहिनी, चौघं आता कुठे राहिलो. ती म्हणाली, चौथा कुठी हाय, तेच तो सारखा विचारून राह्यला.

गेलो. नागपूरहून जम्मूची गाडी, जम्मूहून मोटार. दौलत खिडकीशी बसून राहायचा, मधूनच मला नाव विचारायचा. मी रामदास म्हटलं की हसायचा, हो हो म्हणायचा, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारायचा. वाटेत डोंगरातला लांब बोगदा लागला. मोटार आत शिरली आणि हा माणूस ताठ झाला. खिडकीतून मान काढून वर बघायला लागला. चेहरा एकदम जागा, डोळे धारदार, पूर्वीचा दौलत. ड्रायव्हर ओरडला, अंकल, सिर अंदर. बोगदा संपून उजेड आला आणि त्याचा चेहरा पुन्हा मिटला. नामदेवने माझा हात दाबला.

सरोवरावर थंडी होती, आभाळ राखाडी, चिनारांची पानं गळत आलेली. पर्यटक फारसे नव्हते. शिकाऱ्यातून, म्हणजे तिथल्या छोट्या नावेतून, आम्ही हाउसबोटीवर उतरलो. मालक म्हातारा होता, त्याला सगळे चाचा म्हणत. सामान लागलं, कहवा झाला, आणि नामदेवने पुढच्या ओसरीत बसून चाचाला विचारलं, "ये चलती कब है?" चाचाला कळेना. मग उलगडा झाला की हाउसबोट चालत नाही. बांधलेली असते, जन्मभर तिथेच. वसंताच्या सांगण्यावरून इतकी वर्षं आम्ही समजत होतो की घर पाण्यावर फिरत राहतं आणि आपण गादीवर लोळत गावं बघायची. मला हसू आलं. बरं झालं वसंता नाही, त्याने चाचाशी भांडण काढलं असतं, असं मी म्हटलं. दौलतने तेवढ्यात माझ्याकडे बघितलं, वसंता हे नाव ऐकून. मी जीभ चावली. तो म्हणाला, "बांधून हाय ते बरं हाय. कोनी मांगं राहत नाई."

पहिला दिवस चांगला गेला. शिकाऱ्यातून फिरलो. कमळाची पानं काळी पडली होती, घारी खाली उतरत होत्या. दौलत पाण्यात हात घालून बसला होता, मधून मधून आभाळाकडे बघत होता. काठी त्याने पायाशी आडवी ठेवली होती. मला वाटलं, शांताबाई बरोबर बोलली, आणलं ते बरं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवे झालो. हाउसबोटीचं छत सगळं लाकडाचं असतं. हातभर-वीतभर तुकडे एकमेकांत बसवून केलेली नक्षी, बघत राहावं असं काम. चाचाच्या आजोबांनी करवून घेतलेलं, तो अभिमानाने दाखवायचा. बाहेर डोंगरावर ढग गडगडत होते. माझा डोळा लागला होता. आणि ठक असा आवाज आला. लाकूड ते, आत पोकळ. ठोकलं की भद्दच वाजणार. दौलत पलंगावर उभा होता, काठी वर, कान छताला. त्याने पुन्हा मारली. भद्द. दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन मारली. तिथेही भद्द. सगळीकडे भद्द. त्याचा चेहरा मी बघितला आणि माझी झोप उडाली. इतकं खराब छत त्याने आयुष्यात ऐकलं नसेल.

"निघा," तो म्हणाला.

मी निघालो. विचार केला नाही. नामदेव पुस्तक वाचत होता, ते तिथेच टाकून तो निघाला. पायात नुसते मोजे, अंगात बंडी, असे आम्ही दोघं म्हातारे धावत पुढच्या ओसरीत येऊन उभे राहिलो. वर पावसाची बुरबुर, समोर पाणी. आत येणाऱ्या चाचाला मी दंडाला धरून बाहेर ओढलं. तो बिचारा घाबरला, क्या हुआ म्हणून विचारायला लागला. मी म्हटलं, सरदारने बोला निकलो. तो म्हणाला, छत तो बाप-दादा के ज़माने से वैसी ही है. मी त्याच्यावर खेकसलो की छताचा इथे काही संबंध नाही, निघा म्हटलं की निघायचं. बोलून झाल्यावर माझं मलाच कळलं की मी काय बोललो.

सगळ्यांच्या मागून दौलत दारात आला. त्याने आम्हाला बघितलं. मला बघितलं, नामदेवला बघितलं, चाचावरून नजर तशीच पुढे गेली. मग म्हणाला, "वसंता कुठी हाय?"

मी नामदेवकडे बघितलं आणि तिथेच समजलो की आता काही खरं नाही, कारण हा खोटं बोलणार नाही. तो नाहीच बोलला. पुढे होऊन त्याने दौलतचे दोन्ही हात धरले. म्हणाला, "सरदार, वसंता गेला. बरेच वर्स झाले. तुमीच त्याले भाईर काढलं."

दौलत ऐकत राहिला. आम्ही पहिल्यांदाच सांगतोय अशा चेहऱ्याने. त्याच्यासाठी ते पहिल्यांदाच होतं. तो ओसरीच्या फळीवर बसला. "मी निघा म्हनलं नवतं का?" त्याने विचारलं. नामदेव म्हणाला, म्हनलं होतं. "मंग त्यानं आयकलं काहून नाई?" तो रडायला लागला. खदानीत त्या दिवशी तो रडला नव्हता. ते राहिलेलं सगळं आता निघालं. म्हातारं माणूस असं रडताना बघवत नाही. चाचाने आतून घोंगडी आणून त्याच्या अंगावर घातली आणि तोंड फिरवून पाण्याकडे बघत उभा राहिला.

मग ते थांबलं. दौलतने डोळे पुसले, आम्हाला बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून ते सगळं वाहून गेलेलं मला दिसलं. काठी टेकत तो उठला. मला बघितलं, नामदेवला बघितलं.

"वसंता कुठी हाय?" आणि उत्तराची वाट न बघता तो आत वळला. आतून हाका यायला लागल्या. एकेका खोलीत जाऊन तो वसंता, वसंता म्हणत होता, आणि काठी छतावर वाजत होती.

मी म्हटलं, नामदेव, पुन्हा सांगशील का त्याला? मरेल तो. मी सांगतो काहीतरी. पण माझ्याच्याने दाराच्या आत पाऊल टाकवेना. हसू नका, पण सरदाराने बोलावलं नव्हतं. नामदेव मोज्यातले पाय ओले करून उभा होता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग दाराच्या चौकटीशी जाऊन, खदानीत द्यायचो तशी मोठ्याने हाक दिली.

"सरदार, भाईर या. वसंता आला."

काठी थांबली. दौलत आतल्या बोळात दिसला. म्हणाला, कवा?

"तुमी निघा म्हनलं, तवा पयला तोच निघाला," नामदेव म्हणाला. आवाज जराही हलला नाही. "घरी गेला तो."

"आन डबा?"

"डबा टाकून आला आतच."

दौलत तिथेच उभा राहिला. आणि मग त्याच्या तोंडावर जे आलं ते मी आयुष्यात एकदाच पाहिलं. हसू म्हणता येणार नाही. बांधलेलं काहीतरी सुटावं तसं. "आयकलं म्हना त्यानं," तो म्हणाला, आणि स्वतःशीच मान हलवत बाहेर आला. शेवटचा. दार ओढून घेतलं. आमच्यामध्ये फळीवर बसला आणि चाचाला म्हणाला, चहा है क्या.

त्या संध्याकाळी नामदेव जेवला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "रामदास, मी खोटं बोललो." मी म्हटलं, माहीत आहे. तो म्हणाला, "उद्या त्यानं इचारलं तर उद्याही बोलीन." दौलतने मात्र पुन्हा विचारलंच नाही. बाकी सगळं विसरला, हे एक त्याच्याजवळ राहिलं. परतीच्या गाडीत समोरच्या अनोळखी माणसालाही सांगत होता की आमचा एक माणूस डबा टाकून आला.

परत आल्यावर त्याची उतरण वेगाने झाली. त्याच्या आठवणीतून आधी आम्ही गेलो, मग मुलं गेली. मराठी गेली. नुसती गोरबोली राहिली, तांड्यावरची, लहानपणी याडीशी बोलायचा ती. ती आम्हाला धड कळायची नाही. आम्ही जायचो, खाटेवर बसायचो, तो आमच्याकडे बघायचा आणि आम्ही त्याच्याकडे.

शेवटचं गेलो तेव्हा उन्हाळा होता. तांड्यावर कोणी नव्हतं, कुत्री सावलीला पडलेली. शांताबाईने चहा केला. दौलत खाटेवर बसला होता, अंगाने अगदी चिपाड झालेला. काठी मांडीवर आडवी. त्याने आम्हाला ओळखलं नाही. मी खांद्यावरचा दुपट्टा काढून खाटेवर ठेवला, घाम पुसला, नामदेवशी कापसाच्या भावाचं काहीतरी बोलत बसलो. आणि एकदम दौलत उभा राहिला. भिंतीला धरून त्याने काठी वर केली आणि टिनाच्या खालच्या लाकडी आड्यावर मारली. कान दिला. मग आमच्याकडे वळून, इतक्या दिवसांनी, स्पष्ट मराठीत म्हणाला, "निघा."

आम्ही कप खाली ठेवले आणि निघालो. शांताबाईसुद्धा. आम्ही तिघं अंगणात उन्हात येऊन उभे राहिलो, दाराकडे तोंड करून, कारण सरदार शेवटी येतो.

तो आला नाही. दारातून दिसत होता. तो खाटेवर परत बसला, भिंतीकडे तोंड करून, काठी मांडीवर घेऊन. शांताबाई म्हणाली, रोज असंच करते. सगळ्याइले काढते अन् आपण आतच बसते. मला राहवेना. मी म्हटलं, मी जातो, हाताला धरून आणतो त्याला. आणि एक पाऊल पुढे टाकलं. नामदेवने माझा दंड धरला. नुसता धरून ठेवला. मग मलाही कळलं. त्याने बोलावलं नव्हतं.

तो पुढे पावसाळ्यात गेला. मी तेव्हा पुण्याला मुलीकडे होतो, मातीला पोचलो नाही. म्हणून माझ्याजवळ सरदाराचं शेवटचं म्हणून तेवढंच आहे, उघडं दार आणि आत पाठमोरा बसलेला तो. त्या दुपारी माझा दुपट्टा आत त्याच्या खाटेवरच राहिला होता. शांताबाईने विचारलं, आणून देऊ का? मी नाही म्हटलं. राहू दे म्हटलं, आणि आम्ही निघालो.